शिडीपाशी उभे राहणारे हनवते सर

हनवते सर मला आधी ऐकू आले, दिसले नंतर. परमुलखातल्या विमान कारखान्यात मी नुकताच नोकरीला लागलो होतो. कॅन्टीनमध्ये पाठीमागे कुणीतरी फोनवर बोलत होतं, ‘‘हाव माय, जेवूनच राहिलो. न्हाई, भात न्हाई, भाकर हाय.’’ मी लातूरचा. घास हातात धरूनच वळलो. भाकर कुठली, ताटात इडली होती! आईला बरं वाटावं म्हणून सर एवढं एकच खोटं बोलत, हे पुढे कळलं.

किशनराव हनवते मूळचे उमरीचे. वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करत. सर शिष्यवृत्तीवर शिकले आणि एक परदेशी बनावटीचं लढाऊ विमान आपल्या हवाई दलाच्या गरजेप्रमाणे बदलून घेण्याचं काम त्यांच्याकडे आलं. विमान थंड मुलखात घडलेलं. आपल्या उन्हात उभं राहिलं की वैमानिकाच्या जागेची भट्टी व्हायची. गार हवेची सोय पुरेशी आहे, असं परदेशी अभियंते म्हणत. सरांनी वाद घातला नाही. मे महिन्यात भर दुपारी त्या अभियंत्यांच्या प्रमुखांना पुढच्या आसनावर बसवलं, स्वतः मागे बसले आणि वरचं छत लावून घेतलं. पाहुणे लालबुंद होऊन उतरले आणि नवी यंत्रणा मुकाट मान्य झाली. ‘‘आमच्याकडं याला नुसता उन्हाळा म्हणत्यात,’’ सर मला हळूच म्हणाले.

बदल केलेलं प्रत्येक विमान पहिल्यांदा उडायच्या आधी सर शिडीपाशी जात. ‘‘काय तपासलं ते कागदावर आहे. काय तपासलेलं नाही ते मी सांगतो,’’ असं म्हणून ते वैमानिकाला सारं सांगत. मग विमान उतरेपर्यंत उभे राहत. कुणी खुर्ची आणली तरी बसत नसत. एकदा बडी मंडळी मंडपात येऊन बसली होती. विमान उन्हात बराच वेळ थांबून लगेच वर चढल्यावर आत हवा गार राहते का, हे पाहायचं राहिलं होतं. सरांनी वरिष्ठांना तसं आधीच कळवलं होतं; आज गप्प राहा, असं उत्तर मिळालं होतं. सरांनी शिडीपाशी जाऊन नेहमीसारखं सांगितलं. वैमानिक खाली उतरला. उड्डाण रद्द झालं आणि सरांची बढतीही गेली. सर त्यावर कधी बोलले नाहीत. मला मात्र अजून राग येतो.

माझे वडील लातूरला दवाखान्यात होते, तेव्हा डॉक्टर ‘होतील बरे’ एवढंच म्हणत. सर सुटीवर उमरीला आले होते. एसटीने लातूरला आले, डॉक्टरांशी बोलले आणि बाहेर येऊन माझा हात धरला. ‘‘बाबा राहत न्हाईत रे. परत जाऊ नको, रजा वाढव.’’ वडिलांचे शेवटचे दिवस मला मिळाले ते केवळ सरांमुळे.

आता सर लातूरला लेकीकडे, वंदनाताईंकडे असतात. हा गौरवग्रंथ काढायचं ठरलं आणि त्याच सुमारास त्यांचा आजार कळला. उपचारांची वेळ निघून गेली आहे. पंचाहत्तरीचा सोहळा होईपर्यंत सरांना काही सांगायचं नाही, असं घरात ठरलं. ‘‘दादा, हसून बोला,’’ वंदनाताईंनी मला दारातच बजावलं.

सरांनी माझा चहा संपू दिला. मग म्हणाले, ‘‘सगळे म्हणून राहिले, बरं होईल. काय राहिलंय ते कुणी सांगंना. तू तरी सांग.’’

मी वंदनाताईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुसत होकारार्थी मान हलवली. मी सांगितलं. सरांनी माझा रिकामा कप बाजूला ठेवला.

‘‘किती दिवस?’’

‘‘ते डॉक्टरांनाही माहीत नाही, सर.’’

‘‘बरं. लेखात लिव हे. न्हाईतर लोक शंभर वर्षं जगा म्हणतील आन मला ‘हाव, जगतो’ म्हणावं लागंल.’’

म्हणून सर, शंभर वर्षांचं मागणं ओठांवर येतं, तरी लिहीत नाही. येता उन्हाळा तुम्हाला सोसावा, दुखणं कमी राहावं, भाकर गोड लागावी आणि असा एकेक दिवस वाढत जावा, एवढंच मागतो. आम्हाला फार वाईट वाटतं आहे, तेही लपवत नाही. आम्ही सारे तुमच्याजवळ उभे आहोत. तुम्ही ‘बसा रे’ म्हणाल. आम्ही बसणार नाही, सर.