साबणानं बुजवलेलं छिद्र

माझी ती पोस्टिंग उंचावरच्या एका खोऱ्यात होती. पुढच्या चौक्यांच्या गाड्या सांभाळणारी आमची वर्कशॉप डिटॅचमेंट. हुद्दा हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. आता ठाण्यात, वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत मुलं विचारतात, काका, तुम्ही किती फायरिंग केलं? मी खरं सांगतो : रेंजवर केलं तेवढंच. बाकी पाने फिरवले. माणदेशातल्या लहान गावच्या शाळेत शिकून मी घरातला पहिला पदवीधर झालो. पुढचं सगळं फौजेनं दिलं. म्हणून जे पाहिलं ते नीट लिहून ठेवणं हे माझं काम समजतो.

त्या काळी चौक्यांकडे जुन्या कार्बोरेटरच्या पेट्रोल जीप अजून होत्या. त्यांचा फ्यूएल पंप यांत्रिक असे. इंजिनाच्या अंगाला बसवलेला, मुठीएवढा. आत रबरी कापडाचा एक पडदा. इंजिन फिरलं की एक दांडी पडदा वर-खाली करते, आणि टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला जातं. पडद्याखाली पंपाच्या बॉडीला एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. पडदा फाटला की पेट्रोल तिथून थेंब थेंब बाहेर पडतं. ते छिद्र म्हणजे पंपाचा संत्री, पहारेकरी. धोका असला की तोच पहिली आरोळी देतो.

रोज सकाळी गाड्यांची फर्स्ट परेड होई. ड्रायव्हर बॉनेट उघडून गाडीपुढे सावधान उभा राहायचा. सुभेदार साहेब दोन गोष्टी पाहायचे. गाडीखाली ठिपका नको आणि इंजिनातलं ऑइल मोजायच्या पट्टीवर, डिपस्टिकवर, ऑइल कमी नको. ठिपका दिसला तर भरलेला जेरीकॅन डोक्यावर घेऊन हेलिपॅडला चक्कर. त्या उंचीवर चार पावलं पळालं तरी छाती फुटते. एका ड्रायव्हरच्या नाकातून रक्त आलं, तेव्हा साहेब म्हणाले, "खून पोंछ. गाडी का दाग कब पोंछेगा?" वाईट माणूस नव्हते. गाडी रस्त्यात बसली तर काय होतं हे त्यांनी पाहिलेलं होतं.

लान्स नायक हरेश म्हात्रे आंबिवलीजवळच्या गावचा. ड्रायव्हर. अंगानं दणकट, तोंडानं त्याहून. मला उस्ताद म्हणायचा.

"उस्ताद, तुमचं माण म्हणजे नुसते दगड. आमच्याकडे खाडी आहे, मासळी आहे."

"मग इथं कशाला आलास?"

"दगड बघायला."

त्याचे वडील बाळाराम कल्याणच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. व्यापाऱ्यानं निवृत्तीला जुनी गाडी त्यांनाच दिली. त्याच गाडीवर हरेश शिकला. वडिलांची एकूण एक युक्ती त्याला पाठ होती. घाटात पंप तापला तर ओलं फडकं टाक. पेट्रोल गळायला लागलं तर कपड्याचा साबण ओला करून दाबून बसव. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. टाकीच्या गळतीला हा इलाज चालतोही. मी स्वतः केला आहे.

हरेश वरच्या चौकीला अटॅच झाला. महिन्याभरात साहेब वरून पाहणी करून आले आणि इतर ड्रायव्हरांना म्हणाले, "म्हात्रे की गाडी देखो. नीचे सूखा, ऑइल फुल. टॉप-अप तक नहीं मांगता." ऑइल कमी झालं तर प्रश्न विचारायचे हे सगळ्यांना शिकवलेलं होतं. न ओतता भरलेलं कसं राहतं, हा प्रश्न परेडवर नव्हता.

त्या दिवशी सकाळी वरच्या चौकीतला शिपाई दिलबाग आजारी पडला. उंचीमुळे फुप्फुसात पाणी. त्याला लगेच खाली आणणं हाच उपाय. हवा ढगाळ, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. हरेश त्याला ऑक्सिजन लावून जीपमध्ये घेऊन निघाला. वाटेत एक चढाचं वळण समोरच्या, शत्रूच्या डोंगरावरून उघडं दिसायचं. स्टँडिंग ऑर्डर होती : तिथं थांबायचं नाही.

जीप तिथंच बंद पडली.

त्यानं वायरलेस सेटवर मेकॅनिक मागितला. सिग्नलवाल्यानं हँडसेट माझ्या हातात दिला.

"उस्ताद, पंप तापलाय. फडकं टाकलं. सुरू होते, परत मरते. ओव्हर."

थंडीत पंप तापण्याचं कारण नव्हतं. "कार्बोरेटरचा पाइप काढ. क्रँक कर. पेट्रोल कसं येतं? ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. "जोर नाही. लाळ गळल्यासारखं. ओव्हर."

"टाकीचं झाकण उघडून बघ. हवेची वाट बुजली असेल. ओव्हर."

"उघडलं. फरक नाही. उस्ताद, ऑक्सिजन संपत आलाय. दिलबाग निळा पडलाय. ओव्हर."

"पंपाखालचं छिद्र बघ. थेंब पडतो का? ओव्हर."

"नाही पडत. साबणानं बंद केलंय ना. दाग पडत होता. ओव्हर."

"डिपस्टिक काढ. वास घे. ओव्हर."

"ऑइल फुल आहे, उस्ताद. सकाळीच बघितलं."

"वास घे."

पहिला गोळा पडल्याचा आवाज मी सेटवर ऐकला आणि मग डोंगरातून पुन्हा ऐकला. त्यानंतर हरेशचा आवाज आला. शांत होता.

"पेट्रोलचा वास येतोय, उस्ताद."

त्यानं ओव्हर म्हटलं नाही. मी बोलावत राहिलो. शेवटी सिग्नलवाल्यानं हँडसेट काढून घेतला.

पडदा फाटला होता. बाहेरची वाट साबणानं बंद, म्हणून पेट्रोल आतून इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरत राहिलं. म्हणून ऑइल फुल, गाडीखाली कोरडं, आणि चढावर कार्बोरेटर उपाशी. चौकशी झाली. शत्रूच्या माऱ्यात दोघं शहीद, असं लिहिलं गेलं. त्यात खोटं काही नाही.

निवृत्तीनंतर मी ठाण्यात स्थायिक झालो. बाळारामकाकांना भेटायला वर्षातून एकदा आंबिवलीला जातो. यंदा गावच्या शाळेच्या फाटकाला हरेशचं नाव द्यायचं ठरलं. हरेश ज्या जुन्या गाडीवर शिकला, तिच्यातूनच काकांना फाटकाशी उतरायचं होतं. गाडी दोन दिवस चढाला मरत होती. कल्याणच्या दोन गॅरेजवाल्यांनी भंगारात काढा म्हणून हसून परत पाठवलं होतं. काकांनी मला कार्यक्रमाच्या सकाळी लवकर बोलावलं.

"ये रं फौजी. भाषन बी तुलाच करायचा हाय. सांग सगल्यांना, माज्या पोरानं गाडी कशी जपली."

मी कार्बोरेटरचा पाइप काढून बाटलीत धरला. काकांनी स्टार्टर मारला. पेट्रोल लाळेसारखं आलं. टाकीचं झाकण उघडलं, फरक नाही. टाकीकडून येणारा पाइप तपासला, धड होता. मग मी डिपस्टिक काढली. ऑइल खुणेच्या वर.

काका खूश. "बघितला? चार महिने झाले, थेंब नाय टाकला. आमच्या हातची गाडी हाय."

मी डिपस्टिक नाकाशी नेली. मग खाली वाकून पंपाला हात लावला. छिद्राच्या जागी निळा साबण घट्ट बसला होता. काडीनं कोरून काढला. एक थेंब लोंबला आणि जमिनीवर पडला. मग दुसरा.

"आरं, तो कशाला काढला? गलंल ना!"

"काका, गळू द्यायचं असतं. आतला पडदा फाटलाय. हे बुजवलं की पेट्रोल ऑइलमध्ये जातं. म्हणून तुमचं ऑइल वाढतंय. गाडी चढाला उपाशी मरते."

ते जमिनीवरच्या ओल्या ठिपक्याकडे बघत राहिले. मग वाकून त्याला बोटं लावली. मी मुद्दाम पाना शोधत बसलो.

"हरेशची जीप चढालाच बंद पडली व्हती ना?"

"हो."

"साबन व्हता?"

मी पंपाच्या बोल्टला पाना लावला.

"फौजी हायेस ना? बापाला खोटं नको बोलू."

"होता, काका."

त्यांनी बॉनेटवर हात टेकला. "पेट्रोल गलतं, साबन लाव. धा वर्साचा व्हता, तवा मीच शिकवला." मग विचारलं, "त्याला कललं काय, का तसाच गेला?"

"कळलं. डिपस्टिकचा वास घेतला त्यानं. मला सेटवर सांगितलं."

"म्हंजे शिकला," काका म्हणाले. "उशीर झाला, पन शिकला."

बाजारातून आणलेला जुन्या साठ्यातला पंप मी बसवला. ऑइल पूर्ण काढून नवं भरलं. गाडी फाटकाच्या चढावर एका दमात गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं भाषण मी तयार करून आणलं होतं : शौर्य, कर्तव्य, गावाचं नाव. बोलायला उठणार तेवढ्यात काकांनीच माइक धरला.

समोर रिक्षावाले होते, टेम्पोवाले होते, शाळेची पोरं होती. काका म्हणाले, "पंपाला थेंब गललं तं साबन लावू नका. गलू द्या. वास घ्या." आणि माइक परत दिला.

मागून कुणीतरी हसलं. "म्हाताऱ्याचा पंप गेला रे," असं एक पोरगा बोलला, आणि ती ओळ पूर्ण हसली. सरपंचांनी काकांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, आणि आता आपले हवालदार साहेब शहिदाच्या शौर्याविषयी बोलतील, असं सांगितलं. काका माझ्याकडे बघत नव्हते. आपल्या बोटांचा वास घेत होते.

मी कागद खिशात ठेवला आणि फक्त नावं वाचली. लान्स नायक हरेश बाळाराम म्हात्रे, ड्रायव्हर. शिपाई दिलबाग, त्याचा पेशंट. दोघांना सलामी दिली आणि खाली उतरलो.