शून्य एकर चाळीस गुंठे

सलग तीन दिवस माझ्या संगणकाने एकच उत्तर दिले : शून्य एकर चाळीस गुंठे.

कोल्हारकडच्या एका पाणीवापर संस्थेसाठी आम्ही कालव्याच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम तयार करत होतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. शेतकरी मात्र एकर-गुंठ्यांत बोलतो. मोजमापे बदलून देणारे एक मोफत पॅकेज आम्ही इंटरनेटवरून घेतले, आणि संगमनेरच्या आमच्या कार्यालयातील सहकारी बाईंनी त्याला गुंठा शिकवला. ती प्रत माझ्या संगणकावर बसवल्यावर ध्यानात आले, की एकराला केसभर कमी असलेल्या रानाला ती 'एक एकर' न म्हणता 'शून्य एकर चाळीस गुंठे' म्हणते. बाईंनी दुरुस्ती करून नवी प्रत मला तपासायला दिली. शनिवारी संस्थेच्या सभेत प्रोग्राम त्याच दाखवणार होत्या.

मी तपासले. शून्य एकर चाळीस गुंठे.

"सर, माझ्या लॅपटॉपवर बरोबर येतंय," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडे येत नाही ना, मॅडम. पुन्हा बघा."

त्यांनी पुन्हा पाहिले, आणि मी पुन्हा परत केले. दुसऱ्या दिवशीही तेच. माझा आवाज चढला नाही; पण हळू आवाजातही माणसाला खाली बसवता येते, हे मला चांगले अवगत आहे. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या सचिवांचा फोन आला. मी तो स्पीकरवर घेतला आणि काम कुठे अडले ते सांगितले.

"सायेब, चाळीस गुंठं झालं की एकर व्हतो. तुमच्या मशिनला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

"मॅडमकडून चूक राहते आहे," मी म्हणालो. "शनिवारी मीच येतो."

बाई शेजारच्याच टेबलावर होत्या. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "सर, माझ्या फाइलच्या पहिल्या ओळीत काहीतरी वेडंवाकडं लिहा आणि चालवा. प्रोग्राम बंद पडायला हवा."

वैतागून मी 'म्हैस' असे लिहिले. फाइलमध्ये म्हैस बसलेली असूनही प्रोग्राम सुरळीत चालला : शून्य एकर चाळीस गुंठे.

म्हणजे तो बाईंची नवी फाइल उघडतच नव्हता. आधी बसवलेली जुनी प्रत मी काढली नव्हती आणि तीन दिवस तीच तपासत होतो. ती काढून नवी बसवली. आता प्रोग्राम म्हशीपाशी बंद पडला.

"आता म्हैस काढा, सर."

काढली. एक एकर शून्य गुंठे.

मी व्हरांड्यात गेलो, सचिवांना फोन करून चूक माझी होती असे सांगितले आणि परत आलो.

"सांगितलंत?" बाईंनी विचारले.

"सांगितलं."

"बाहेर जाऊन?"

दोष मी सर्वांदेखत दिला होता आणि कबुली मात्र आडोसा शोधून. मी पुन्हा फोन लावला, स्पीकरवर, आणि सगळे पहिल्यापासून सांगितले.

"आत्ताच तर बोल्लात की हो. इसरलात व्हय?"

"विसरलो नाही. तेव्हा मॅडम समोर नव्हत्या. शनिवारी त्याच येतील."

"येऊ द्या की. पर मशीन त्यांचंच आना. तुमचं नगं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप चार्जिंगला लावला.