आठवी पाकळी

दुपारचं जेवण उरकते, ताटली घासते, आणि पाट उशाला घेऊन स्वयंपाकघरातच कलंडते. पाट ह्यांचा. हे म्हणजे माझे मालक, बाळकू मेस्त्री. जाऊन सव्वा वर्ष झालं. शिसवी पाटात आठ पाकळ्यांचं पितळी फूल ह्यांनीच बसवलेलं. एक पाकळी निखळली, ती मी काल गोंदानं चिकटवली, तर मेली जरा उचललेलीच राहिली. ठोकून बसवायला ह्यांची चिमुकली हातोडी लागते, आणि ती सगळं घर उलथंपालथं केलं तरी सापडत नाही. दुसऱ्या मेस्त्रीच्या हाती हा पाट मी देणार नाही, म्हणजे नाही.

डोळा लागतोय न लागतोय, तोच हे समोर. कानावर पेन्सिल.

"गोंद लावलास?"

"मग काय करू? वर्षभर वाट बघितली."

"वाट बघून पितळ बसतंय व्हय?"

आम्ही स्टँडवर आहोत. गडहिंग्लजची गाडी लागलीय. आत माणूस नाही, सीटसीटवर पाट मांडलेत. हे बाकड्यावरच पटाशीनं खाच कोरतात.

"खाच पाकळीपरीस केसभर कमी धरायची. ठोकलं की लाकूडच धरून ठेवतंय. फिरव हात. पितळ कुठं सुरू झालं, कळता कामा नये."

मी हात फिरवते. बोटाला काही लागत नाही. खरं सांगू, माझं लक्ष पितळेवर नाहीच. ह्यांच्या मनगटाला भुसा लागलाय, तो पदरानं पुसते.

"घर खायला उठतंय हो मला," मी म्हणते.

"जेवताना माझा पाट मांडतेस का?"

"कोण बसायचंय त्यावर?"

"तू बस की."

"अगंबाई! नवऱ्याच्या पाटावर? काहीतरीच तुमचं!"

हे हसतात. गाडी सुरू होते. "आलोच पाणी पिऊन," म्हणतात आणि गाडीतच चढतात.

गाल दुखतो म्हणून जाग येते. आरशात बघते, तर गालावर पाकळी उमटलीय. एकच. मी चिकटवलेली. ह्यांच्या सात पाकळ्यांची खूणसुद्धा नाही. गाल चोळत नाही मी, राहील तेवढी राहू दे.

मग कपाळावर हात मारून घेते. एवढं बोलणं झालं, आणि हातोडी कुठं ठेवलीय, तेच विचारायचं राहिलं.