दयारामनं देऊन टाकलेली विहीर

बौद्धवाड्याची विहीर दयारामच्या बापानं खणली ती रागाच्या भरात. गावविहिरीजवळ घागर घेऊन ताटकळायचं, आणि कुणाला दया आलीच तर त्यानं वरून पाणी ओतायचं, अशी तेव्हाची रीत होती. एक दिवस म्हातारा रिकाम्या घागरीनिशी परतला आणि पहार घेऊन थेट आपल्या वावरात उतरला. सारा वाडा मदतीला धावला. पाणी लागलं तेव्हा तो म्हणाला, "आता आपल्याले कोणी वरून पाणी वाढनार नाही."

पुढे मोताळ्याकडच्या त्या शिवारात जिथे तिथे बोअर झाले आणि विहीर कोरडी पडली. वाडा नळावर आला, आणि नळ मनाला येईल तेव्हा येऊ लागला.

अशात गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष शंकरराव दयारामच्या ओट्यावर येऊन बसले. घरच्या कपातून चहाही प्याले.

"दयारामभाऊ, तुही विहीर कोरडीच पडून राह्यली. दगड, गिट्टी, रेती भरून नाल्याचं पाणी तिच्यात सोडू. जमिनीत मुरीन, साऱ्या गावाच्या विहिरी वर येतीन."

दयारामची बायको चांगुणा दारातून म्हणाली, "अन् पाणी आलं तर आमी कुठून शेंदाचं?"

"गावाले आलं म्हंजे तुमाले नाही काय, वहिनी?"

दयारामनं तिलाच गप्प केलं. तो काही खुळा नव्हता. पण जन्मभर ज्यांच्या फाटकाशी उभं राहायचं, ते आज त्याच्या ओट्यावर बसून काहीतरी मागत होते. त्या एका कप चहापायी माणूस विरघळला. कागदावर अंगठा दिला, पहिला दगडही स्वतःच टाकला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले.

पाणी मात्र खरंच वर आलं, ते नाकारून चालायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात शंकररावांच्या विहिरीत नुसतं वाकलं तरी पाण्याला हात लागत होता, मळ्यात भुईमूग डोलत होता. वाड्याचा नळ मात्र बंद पडला तो पडलाच. दयाराम आपल्या विहिरीच्या दगडांवर जाऊन बसे. फटींतून गारवा यायचा. पाणी खालीच होतं, पण घागर सोडायला जागा उरली नव्हती.

तो समितीकडे गेला. "दगडं काढू द्या."

"काढले का आमच्या विहिरीचं पाणी उतरीन बे," शंकरराव म्हणाले. "पाणी लागते ना? माह्या विहिरीवर ये. मी नाही म्हणतो काय?"

'भाऊ' कुठेतरी गळून पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी नवराबायको दोन घागरी घेऊन मळ्यात गेली. दयारामनं विहिरीच्या पायऱ्यांवर पाय ठेवला, तोच शंकरराव लगबगीनं आले. "अरे, तू कशाले उतरतं? राहू दे. मी मोटर लावतो." बोलण्यात इतका गोडवा की भांडायलाही जागा नाही.

शंकरराव काठावर चढून पाइप धरून उभे राहिले. दयाराम मागे सरला आणि खाली, काठाच्या पायथ्याशी, घागर धरून वाकला. पाणी वरून पडू लागलं. त्याला बाप आठवला. चांगुणाकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"भरली काय?" वरून आवाज आला.

"हाव," दयाराम म्हणाला. "अजून एक हाय." आणि त्यानं दुसरी घागर धारेखाली सरकवली.