मागून गाणारी बाई

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मोठे शब्द मला येत नाहीत, पण आवाज मला कळतो. मिसरूड फुटायच्या आत गावच्या भजनात पेटीवर बसलो. आमच्या कोकणात पेटीवर बसतो तो बुवा. तो ओळ म्हणणार, मागे बसलेले झांजवाले ती उचलणार. बुवा पुढे, बाकीचे मागे. कुवेतला गेलो तेव्हा ही रीत सोबत घेऊनच गेलो.

इराकबरोबरची लढाई संपून कारखाने परत उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. काम शुऐब्यात, पाइप फिटरचं. राहायला फहाहीलला, एका खोलीत दोघे. दुसरा गोव्याचा ख्रिस्ती, क्रेन चालवायचा. त्याच्याकडे एक टेप आणि बुटांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी. त्यातल्या अर्ध्या एकाच बाईच्या, अमेरिकेतल्या.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी बांगडे साफ करत होतो. गिटार अशी घसरत होती, जसं ओल्या घाटीच्या उतारावरून कोणी बसूनच खाली येतंय. मागे ड्रम. मग बाई वर गेली. एवढ्या वर गेल्यावर माणूस ओरडतो. ही ओरडली नाही. आपल्याच घरच्या माडीवर आल्यासारखी तिथे उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं आणि सावकाश उतरली. हातातला बांगडा हातातच राहिला.

"ह्या काय रे?" मी विचारलं.

"गाणीं गांवचीं, बँड शाराचो," गोंयकार म्हणाला. "धू तो बांगडो आदीं."

इंग्रजी मला कळत नाही. पण त्या कॅसेटी मी चित्रांवरून ओळखू लागलो. घोड्याजवळ उभी ती एक, पायऱ्यांवर बसली ती एक. पायऱ्यांवाली लागली की मी जेवताना बोलत नसे. देवाने काही गळे सवडीने बनवले असावेत, दुसरं काय म्हणू.

आमचं भजन दर शुक्रवारी, तिथल्या मराठी मंडळातल्या एका साहेबाच्या फ्लॅटात. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावून, पखवाजावर टॉवेल टाकून. पेटी माझी. एकदा गावी जाऊन परत आलो, तर पेटीवर पुण्याचा एक इंजिनिअर बसलेला. वयाने माझ्या मुलासारखा, गाणं रीतसर शिकलेला.

साहेब म्हणाले, "काका, आता तुम्ही मागे बसा. आराम करा जरा."

मी चपला घातल्या.

शुक्रवारमागून शुक्रवार गेले. मी गेलो नाही. गोंयकार म्हणायचा, "घरांत गा मरे, कोण आडयता तुका?" त्याला काय सांगू? भजन एकट्याने होत नाही. उचलायला मागे कोणी नसेल तर ओळ भिंतीवर आपटून परत येते. मंडळी सुटली म्हणजे माझं गाणंच सुटलं, हे मला आत कळत होतं. पण मागे बसायचं? मी? कामावर पाइपाशी गुणगुणायचो, तेही हळूहळू बंद झालं.

अशात गोंयकाराने एक नवी कॅसेट लावली. वर एका दाढीवाल्या पुरुषाचा फोटो. आवाजही त्याचाच, रखरखीत, दमलेला. मी चहा गाळत होतो. दुसऱ्या कडव्याला त्याच्या मागून कोणीतरी गायला लागलं आणि मी गाळणी खाली ठेवली.

"ही ती. पायऱ्यांवरची."

"ती मरे. बरो कान तुजो!"

मला धक्काच बसला. "एवढी मोठी बाय, आणि ह्याच्या मागे? कोणी बसवली रे तिका? वायट दिवस इले की काय?"

गोंयकार हसून हसून खाटेवर आडवा झाला. "कोणें बसयली? कोणूच ना. आपणच बसली ती. आवडता तिका."

त्याने आणखी दोन-तीन कॅसेटी काढल्या. कुठे दुसऱ्या एका बाईच्या मागे, कुठे एका पोरसवदा गवयाच्या मागे, सगळीकडे ती. आपली गाणी गाजत असताना लोकांच्या गाण्यात जाऊन मागे उभी राहिलेली. माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, लाव परत. तो कंटाळून खाली सिगारेट आणायला गेला, आणि मी त्या दाढीवाल्याची ओळ पुन्हा पुन्हा लावून बसलो.

तेव्हा ऐकू आलं. तो श्वास घेतो तिथे ती घेत नाही, म्हणून ओळ तुटत नाही. त्याचा आवाज थरथरतो, तर ती त्याच्या खालून जाते, उचलते, आणि तो सावरला की बाजूला होते. ऐकणाऱ्याला वाटावं, काय गातोय गडी! माडीवर उभी राहणारी तीच बाई इथे जोत्याखाली शिरली होती. आणि आवाज तेवढाच मोठा.

गणपती कुठल्याही वारी येवो, आमचं भजन शुक्रवारीच. गणपतीतल्या त्या शुक्रवारी मी गेलो. झांजवाल्यांत बसलो.

इंजिनिअरचा गळा गोड, पण बारीक. गजर चढत गेला, घरभर माणसं, टॉवेलाखालचा पखवाजही तापला. वरच्या ओळीला पोराचा आवाज पातळ झाला. मी डोळे मिटले आणि खालून गेलो. वर जायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. गेलो नाही. तो दम घेईल तिथे धरून ठेवलं, तो सुटला की सोडलं. पोर असं गायलं की बायका स्वयंपाकघरातून प्रसादाच्या वाट्या हातात घेऊन बाहेर आल्या. आणि माझ्या छातीत जे भरलं, ते पेटीवर बसूनही कधी भरलं नव्हतं.

आरतीनंतर सगळे त्याच्याभोवती. तो मात्र सरळ माझ्याकडे आला.

"काका, पुढच्या शुक्रवारी पेटी तुम्ही घ्या."

"तुझी तू वाजव," मी म्हटलं. "वरच्या ओळीला घाबरू नको. मी आहे."

पुढची कितीतरी वर्षं, कुवेत सुटेपर्यंत, मी तिथेच बसलो. गोंयकार माझ्या आधी गोव्याला परत गेला. पायऱ्यांवाली कॅसेट त्याने मला दिली. आता वाजवायला टेप नाही, पण ती फळीवर आहे.

गावच्या भजनातही मी झांजवाल्यांतच बसतो. हल्ली कोणी नवखा विचारतो, "बुवा, तुमका मागे कोणी बसवल्यान?"

"कोणी नाय," मी सांगतो. "मी बसलंय."