डाव्या डोळ्यातला लाल दोरा

माझ्या आईचा डावा डोळा एका बाईंनी रंगवला आहे. ओळखीच्या माणसांनाही हे आठवावं लागतं, आणि बरेच जण विसरूनही गेले आहेत. पण हा डोळा दोनदा रंगवावा लागला, आणि त्या दोन वेळांच्या मध्ये जे घडलं ते लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आई बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. एकवीस वर्षं झाली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते, एक चुकली तर दुसरी कुठून पकडायची, सगळं तिला तोंडपाठ. वेळापत्रक भिंतीवर टांगलेलं असतं, तरी लोक तिलाच विचारतात, कारण ती वेळ सांगून वर "पुढच्या बाजूला बसा, मागे हाडं खिळखिळी होतील" हेही सांगते. एका सकाळी खिडकीचं लोखंडी शटर वर ढकलताना गंजाचा कण तिच्या डोळ्यात गेला. तिने डोळा चोळला, पाणी मारलं आणि आठ दिवस दुखणं अंगावर काढलं. जखम चिघळली. शेवटी डॉक्टरांना डोळा काढावा लागला.

रजा संपवून ती कामावर गेली तेव्हा स्थानकाच्या साहेबांनी तिला मागच्या खोलीत फायलींना नंबर घालायला बसवलं. "तसं काही नाही हो," ते म्हणाले, "पण खिडकीशी लोक घाईत असतात, एकदम दचकतात. नवा डोळा बसला की बघू."

घरी येऊन आई म्हणाली, "एकवीस वर्षांत माणसं गाड्या बघून दचकली, मला बघून नाही." बाबा हसले. ती हसली नाही. तिला ती खिडकी परत हवी होती, बाकी काही नको होतं.

इस्पितळात तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, नऊ नंबरची खोली आहे. दारावर 'कृत्रिम अवयव' एवढंच लिहिलंय. आत एक मोठी खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर रंगांच्या बशा, चार-पाच केसांचे ब्रश आणि लाल रेशमाची एक गुंडी. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळं इस्पितळ डोळेताई म्हणतं. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. आईला त्यांनी खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः समोर इतक्या जवळ बसल्या की दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते.

"वहिनी, रात्री झोप झाली का नीट?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"झाली की," आई म्हणाली.

मग त्यांनी आईचा उजवा डोळा वाचायला सुरुवात केली. दुसरा शब्द मला सुचत नाही. मी आयुष्यभर आईचे डोळे काळे समजत होते. डोळेताई बशीत नारिंगी कालवत होत्या, मग शेवाळी हिरवा, मग जांभळट राखाडी, आणि कडेला अगदी पुसट निळा.

"हा निळा कशाला?" आईने विचारलं.

"वयाने कड येते तशी."

"मग ती कशाला काढता? काढायचाच आहे तर तरुण काढा की."

"काढते. मग दुसराही काढून आणा, जोडीच करून देते."

आई त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "हलू नका," डोळेताई म्हणाल्या.

रंग वाळेपर्यंत त्या बोलायच्या. लहानपणापासून त्यांना चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. प्रवेशाच्या दिवशी भला मोठा कागद हातात दिला आणि त्यांनी त्याच्या एका कोपऱ्यात काडेपेटीएवढी चिमणी काढली, पिसं न पिसं दिसेल अशी. परीक्षकांनी विचारलं, बाकीचा कागद कुणासाठी राखून ठेवलाय? त्या घरी परतल्या. मग अकरा वर्षं एका प्रयोगशाळेत कवळीचे दात रंगवले. दात पांढरा नसतो, हे तिथे शिकल्या. डोळ्याच्या एका डॉक्टरांना पांढरा नसलेला पांढरा रंग करणारं माणूस हवं होतं, म्हणून त्या इथे आल्या.

त्यांची चित्रं कुठे लागत नाहीत. पेशंट नवा डोळा लावून निघाला की त्या मागून चालत फाटकापर्यंत जातात आणि वॉचमनला विचारतात, "खोटा कुठला रे?" त्याने बरोबर सांगितलं तर त्या नापास.

इस्पितळाच्या दर्शनी भिंतीवर मात्र एका मोठ्या चित्रकाराचं प्रचंड चित्र आहे, खाली पितळी पाटीवर नाव. आईला त्यात फक्त निळे पट्टे दिसले. "एवढ्या भिंतीवर काय काढलंय ते कळत नाही, आणि तुमचं कळू द्यायचं नाही," ती म्हणाली. "कलेचं काही समजत नाही बाई मला."

"मी रोज त्याच्यासमोर बसून डबा खाते," डोळेताई म्हणाल्या. "त्या निळ्यात तीन निळे आहेत. तिसरा सापडायला मला वर्ष लागलं." त्यांच्या बोलण्यात हेव्याचा मागमूसही नव्हता.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, तेव्हा गप्प बसणं मला जमलं नाही. उजव्या डोळ्याचा फोटो काढून छापला तर दहा मिनिटांत काम होईल, असं मी सुचवलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी मला छापून आणायला सांगितलं आणि खरंच तो छाप एका कोऱ्या डोळ्यावर बसवून दिला. समोरून तो अप्रतिम होता. जरा बाजूला वळवला की बटणासारखा दिसायचा. "फोटोत एकाच दिव्याचा उजेड अडकतो," त्या म्हणाल्या. त्या स्वतः एक थर रंगवत, त्यावर पारदर्शक थर चढवत, त्यावर पुन्हा रंगवत. तो छाप त्यांनी फेकला नाही, माझ्यासमोर खणात ठेवला. "पुढच्या वेळी बुबुळाची रेषा मारायला उपयोगी पडेल." माझ्या कामाला इतक्या आदराने कुणी चूक ठरवलं नव्हतं.

शेवटी रेशीम. गुंडीतला दोरा उकलून त्याचा एकेक तंतू त्यांनी पांढऱ्यावर शिरांसारखा निजवला. उजव्या डोळ्याकडे बघायचं, एक तंतू ठेवायचा. असे बरेच तंतू झाले. वर पारदर्शक थर चढला, घासून चकाकी आली, आणि आठवड्याने आई नवा डोळा लावून बाहेर पडली. वॉचमनने दोनदा विचार केला आणि उजवा म्हणाला. डोळेताई पास झाल्या.

घोळ पंधरा दिवसांनी लक्षात आला. आईचा उजवा डोळा दिवसेंदिवस निवळत गेला आणि डावा मात्र होता तसाच लाल राहिला. शेजारच्या काकूंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. आत्याने फोनवर बाबांना झापलं. "मला सगळी गल्ली जल्लाद समजायला लागलीय," बाबा म्हणाले. "निदान दोन्ही डोळ्यांनी तरी रड, म्हणजे लोकांना नाटक वाटेल."

इथवर गंमत होती. सोमवारी साहेबांनी आईला बोलावलं, तिच्याकडे बघितलं आणि खुर्चीतून अर्धवट उठले. "अहो, अजून सुजलाय. घाई नको. महिनाभर आतच बसा."

"कलाकार आहे मोठी, ती डोळेताई," आई घरी येऊन म्हणाली. आमच्याकडे हा शब्द कौतुकाने फारसा वापरत नाहीत.

मी तिला नऊ नंबरमध्ये घेऊन गेले. डोळेताईंनी तिला खिडकीकडे वळवलं आणि दोन्ही डोळे बघितले.

"त्या दिवशी झोप झाली होती का?"

"कुठल्या दिवशी?"

"रंगवायला बसलो त्या."

आईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"झाली होती," आई म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "नव्हती झाली."

"रडला होतात?"

"रात्रभर काही नाही. पहाटेपर्यंत. तो सगळा आठवडाच तसा गेला." मग तिचा बांध फुटला. "खिडकीत बसवणार नाही म्हणाले होते हो. आता परक्या माणसासमोर पहिल्याच भेटीत काय सांगू, रडून आलेय म्हणून?"

"आणि मी ते रडं बघून बघून उतरवलं," डोळेताई म्हणाल्या. "एकही शीर सोडली नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमचं काही चुकलं नाही, वहिनी. वीस वर्षं हे काम करतेय. मी तोंडी उत्तरावर विसंबायला नको होतं."

भांडायला आलेल्या माणसाची यावर पंचाईत होते. आई म्हणाली, "जाऊ दे. चहा आहे का?"

डोळा घासून वरचा थर काढायला, शिरा नव्याने घालायला चार दिवस लागणार होते. तोवर आईला पट्टी. पण डोळेताईंची एक अट होती. आईचा उजवा डोळा त्यांना खोलीत बघायचा नव्हता, कामाच्या जागी बघायचा होता. सकाळी, दुपारी, दमल्यावर.

म्हणून आई सुट्टी टाकून पट्टी लावून बसस्थानकाच्या बाकावर बसली, शेजारी डोळेताई, हातात पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आणि रंगाची डबी. पहिल्याच तासात एक ओळखीचा कंडक्टर आईशी बोलायला थांबला. मग एका आजोबांनी गाडी विचारली. मग दोन बायकांनी. चौकशीच्या खिडकीत बसवलेला नवा माणूस वेळापत्रक वाचून सांगायचा, आणि त्या आठवड्यात बदललेल्या वेळा त्यात नव्हत्या; आईला त्या कंडक्टरने सांगितल्या होत्या. दुपारपर्यंत रांग खिडकीसमोर नव्हती, बाकासमोर होती. कुणी पट्टीकडे बघितलं नाही असं नाही. बघितलं, आणि मग गाडी विचारली.

दुसऱ्या दिवशी साहेब रांगेमागून आले. थोडा वेळ उभे राहिले. त्यांच्यासमोर आईने एका माणसाला चुकीच्या गाडीतून उतरवून बरोबर गाडीत बसवलं.

"सोमवारपासून खिडकीत बसा," साहेब म्हणाले. "पट्टी असो नसो."

आईने मान हलवली. उजव्या डोळ्यातून पाणी आलं तेव्हा डोळेताईंनी पुठ्ठा बाजूला ठेवला. "आता नाही बघत," म्हणाल्या.

संध्याकाळी मी उगाच शहाणपणा केला. म्हटलं, खिडकी मिळालीच आहे, आता डोळ्याची घाई नको.

"घाई आहे," आई म्हणाली. "लोकांनी मला गाडी विचारावी. डोळा विचारू नये."

चौथ्या दिवशी नऊ नंबरच्या खिडकीशी डोळा तयार होता, शिरा सोडून. डोळेताईंनी पुठ्ठा काढला. त्यावर आईचा उजवा डोळा सात वेळा होता, सात वेळचा. सकाळचा स्वच्छ, दुपारचा, धुळीचा, हसल्यानंतरचा.

"किती लाल ठेवू, तुम्ही सांगा."

आईने पुठ्ठा खालून वरपर्यंत बघितला. माझ्या मते तिने एवढा वेळ दुसऱ्या कुठल्याच चित्राकडे बघितलेलं नाही. "सकाळचा नको," ती म्हणाली. "एवढे पांढरे डोळे रिकामटेकड्यांचे असतात. हा दुपारी चारचा करा. गाडी उशिरा आहे, पण येणार आहे, असा."

डोळेताईंनी दोन तंतू निजवले आणि अर्धा कापून तिसरा. आईने त्यांचा हात धरून ठेवला तो बराच वेळ सोडला नाही. आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही, त्यामुळे काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "ताई, कधी कुठे जायचं असेल तर आधी मला विचारा."

सोमवारी आई खिडकीत बसली. पहिल्या रांगेच्या गडबडीत साहेब आले, वाकून तिच्या उजव्या डोळ्यात निरखून बघितलं आणि म्हणाले, "वा, अगदी खऱ्यासारखा केलाय."

"हो ना," आई म्हणाली. "पुढे कोण आहे?"

हे मी दुपारी जाऊन डोळेताईंना सांगितलं. त्या निळ्या चित्रासमोर डबा खात होत्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी त्यांना पाणी दिलं.

"उजवा छानच आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे बघूनच तर मी केला."