कापडावरची कॉपी

काही गोष्टी ट्रायल रिपोर्टमध्ये लिहिता येत नाहीत. रिपोर्टला रकाने असतात : किती व्हायरस पकडले, मशीन किती मंद झालं. कारखान्यातला सिद्राम काय म्हणाला, याला रकाना नसतो. म्हणून मी ते पानांच्या मागे लिहीत गेलो. तीन कंपन्यांच्या ट्रायल संपेपर्यंत पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू जास्त भरली होती!

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा चादरी-टॉवेलचा कारखाना. कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटा. सगळ्या कॉम्प्युटरवर पहारा ठेवेल आणि गेलेली फाइल परत आणेल, असं एक सॉफ्टवेअर निवडायचं काम मी अंगावर घेतलं होतं. या वेळी चुकायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

*

‘या वेळी’ म्हणायचं कारण मागच्या वेळेत आहे.

गेल्या वर्षी आमच्या मालकांना, अण्णांना, एक अनोळखी मेल आला. ‘अर्जंट ऑर्डर’. अण्णांनी जोडलेली फाइल उघडली आणि तासाभरात डिझाइन विभागातली प्रत्येक फाइल कुलूपबंद झाली. बॅकअपची डिस्क मशीनलाच जोडलेली होती. तिलाही कुलूप. ती चूक माझी.

“अण्णा, फाइल उघडलीत कशाला?”

“उघडली कुठं? आत काय आहे ते फक्त बघितलं!”

डिझाइनं परत आणली ती नरसय्यामामांनी. मामा आमचे सर्वांत जुने डिझायनर. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, चिडले की दोन्ही. त्यांनी गोदामातून प्रत्येक डिझाइनची एकेक चादर काढली, भिंग लावून धागे मोजले आणि चार महिन्यांत सगळं पुन्हा कॉम्प्युटरवर उतरवलं.

अण्णा म्हणाले, “मामा, चादरीला व्हायरस लागत नाही, हे बरं आहे.”

“लागतो की. उंदीर! पण तो मेलनं येत नाही.”

एकच कॉम्प्युटर त्या हल्ल्यातून सुटला. तो बंद होता म्हणून. तो सुनीताच्या टेबलावरचा. सुनीता माझी पत्नी, इथेच डिझायनर होती. तिला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. तिचं शेवटचं डिझाइन त्या कॉम्प्युटरमध्ये आहे. ते कधी विणलं गेलं नाही, म्हणजे मोजायला चादर नाही. आणि हल्ली त्या मशीनची डिस्क करकरायला लागली होती.

ते डिझाइन तिथून हलवायला हवं होतं. ते कुणाच्या भरवशावर, हे मला ठरवायचं होतं.

*

पहिल्या कंपनीचं सॉफ्टवेअर मीटिंग रूममधल्या कॉम्प्युटरवर चालू होतं. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीचा माणूस पुण्याहून आला. टाय लावून. मे महिन्यात, सोलापुरात, टाय!

त्याने आपला पेनड्राइव्ह लावला. स्क्रीनवर लाल पाटी आली : ‘अनोळखी पेनड्राइव्ह. परवानगी नाही.’ त्याने दुसरा लावला. पुन्हा लाल पाटी.

घाम पुसत तो म्हणाला, “सर, आधी हे सॉफ्टवेअर काढा. मग आमचं किती चांगलं आहे ते दाखवतो!”

मागच्या खुर्चीवरून मामा म्हणाले, “मग हेच चांगलं आहे की!”

*

पण मामांचा तो शेरा आठवडाभरच टिकला.

लूमला, म्हणजे यंत्रमागाला, डिझाइन पाठवणारा आमचा प्रोग्रॅम वीस वर्षांपूर्वीचा. पहिल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला तोच व्हायरस वाटला. त्याने तो उचलला आणि कोंडून ठेवला. सगळे लूम जागच्या जागी थांबले.

मैंदर्गीचा सिद्राम लूम चालवतो. तो पळत आला. “सर, लूम बंद पडली न्हाय. कुनीतरी बंद केलीया!”

मी सांगितलं, सॉफ्टवेअरला त्या प्रोग्रॅमचा संशय आला.

“संशय? वीस वर्सं नोकरी केली की त्यानं हितं! मला तर बाराच झाली. मला कवा कोंडणार?”

पहिली कंपनी बाद.

*

मधल्या काळात मी माणसांचीही परीक्षा घेतली. सगळ्यांना एक खोटा मेल पाठवला : ‘सुट्ट्यांची नवी यादी. इथे क्लिक करा.’ कोण क्लिक करतं ते माझ्या स्क्रीनवर दिसणार होतं.

दहा मिनिटांत डिस्पॅचचे युनूसभाई माझ्यासमोर येऊन उभे. गोदाम कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

“साब, छुट्टी की लिस्ट लगी क्या?”

“क्लिक नाही केलंत?”

“मेल पे भरोसा नै अपना. पूछनेकू आया.”

एवढी भक्कम सुरक्षा कुठल्याच कंपनीने दाखवली नव्हती! क्लिक एकाच माणसाने केलं होतं. दोनदा.

“मी मालक आहे,” अण्णा म्हणाले, “मला माझ्या सुट्ट्या कळायला नकोत?”

*

दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर डिझाइन बाहेर जाऊ देत नसे. अण्णांनी सूनबाईंना पसंतीसाठी एक डिझाइन मेलवर पाठवायला घेतलं. अडवलं. फाइलचं नाव बदललं. तरी अडवलं.

“माझ्याच कारखान्यात मला बंदी?”

“अण्णा, त्या नियमावर सही तुमचीच आहे.”

अण्णांनी क्षणभर विचार केला, खिशातून मोबाइल काढला, स्क्रीनचा फोटो काढला आणि पाठवून दिला. मग मला म्हणाले, “हे रिपोर्टमध्ये लिहा!”

लिहिलं. शिवाय हेही लिहिलं, की गेलेली फाइल परत मागितल्यावर सॉफ्टवेअरने आदल्या दिवशीची आणून दिली; त्या दिवसाचं काम गेलं ते गेलंच. दुसरी कंपनीही बाद.

*

एक किस्सा जुना आहे, पण इथेच सांगायला हवा.

सुनीताच्या प्रत्येक चादरीत खाली उजव्या कोपऱ्यात, खालून जायचा एक धागा वरून गेलेला असे. एकदा चेकिंगवाल्या नव्या पोराने अख्खा लॉट ‘डिफेक्ट’ म्हणून परत पाठवला. ती शांतपणे खाली गेली आणि त्याला म्हणाली, “यंत्राला चुकता येत नाही. मला येतं. तेवढी ओळख राहू दे.”

चादरींवरून डिझाइनं पुन्हा उतरवताना मामा तिच्या पहिल्या चादरीपाशी थांबले होते. “सर, कोपऱ्यातला धागा सरळ करू?”

“नको.”

“मीपण करणार नव्हतो. विचारायचं म्हणून विचारलं.”

*

तिसऱ्या कंपनीची इंजिनिअर मुलगी आली. टेस्टसाठी तिने स्वतःच्या नमुन्याच्या फाइल्स आणल्या होत्या. मी त्या बाजूला ठेवल्या आणि सुनीताचा कॉम्प्युटर चालू केला.

“टेस्ट याच्यावर होईल.”

“सर, हा खरा डेटा आहे?”

“हो.”

“याची कॉपी आहे ना कुठे?”

मी काही बोलायच्या आत मामांनी बगलेतलं पुडकं टेबलावर ठेवलं. आदल्या दिवशी दुपारी सिद्रामचा लूम रिकामा करून घेऊन त्यांनी सुनीताच्या त्या शेवटच्या डिझाइनची एकच चादर विणली होती. “कापडावर आहे की.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने फाइल्सना कुलूप लावणारा आपला टेस्ट प्रोग्रॅम सोडला. एकेका फाइलचं नाव बदलत गेलं. सुनीताच्या फाइलचंही बदललं. सिद्राम दारात उभा होता. मग सॉफ्टवेअरने तो प्रोग्रॅम थांबवला. थोड्या वेळाने नावं एकेक करून पूर्ववत झाली आणि हिरवी पाटी आली : ‘सर्व फाइल्स परत मिळाल्या.’

मुलगी हसली. मामांनी हिरव्या पाटीकडे पाहिलंही नाही. त्यांनी डिझाइन उघडलं, शेजारी चादर पसरली, भिंग काढलं आणि थेट खालच्या उजव्या कोपऱ्यावर वाकले. मग चष्मा वर करून स्क्रीनवरचा तोच कोपरा पाहिला. पुन्हा चादर. पुन्हा स्क्रीन.

“चूक आहे,” मामा म्हणाले.

मुलीचा चेहरा उतरला. “सर, फाइल करप्ट झाली का? मी परत एकदा...”

मी पेन काढलं. “ऑर्डर फॉर्म द्या. सही कुठे करायची?”